चौथ्या युनिटपायी सगळीच ओळ नामंजूर

प्रश्न : अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याच्या क्लेममध्ये एका सेवेच्या ओळीवर मर्यादा 3 युनिटची (युनिट म्हणजे सेवेचं मोजमाप, जसं ती किती वेळा दिली) असताना 4 लावले. तीनही का मिळाले नाहीत?

उत्तर : एमयूई म्हणजे एका रुग्णासाठी एका दिवसात एका सेवेचे जास्तीत जास्त किती युनिट, ही मर्यादा. तिची तपासणी नुसते जादा युनिट कापत नाही, त्या ओळीवरचे सगळेच नाकारते. आधी त्या कोडचा (सेवेच्या ठरावीक क्रमांकाचा) एमएआय आकडा पाहा; मर्यादा कशी लागू होते ते तो सांगतो. 1 असेल तर योग्य मॉडिफायर (कोडला जोडायची छोटी खूण) लावून दुसऱ्या ओळीवर उरलेलं युनिट दाखवता येतं, अर्थात सेवा खरोखर दिली असेल तरच. 3 असेल तर मर्यादा पूर्ण दिवसाची, सगळ्या ओळी मिळून. उपचारांच्या नोंदी जोडून अपील करा. 2 असेल तर अपिलातही सहसा काही हाती लागत नाही.

दोन्ही गुडघ्यांवर एकच शस्त्रक्रिया असेल, तर 2 युनिट न लिहिता मॉडिफायर 50 (दोन्ही बाजूंची खूण) आणि 1 युनिट लिहा. नेमकं इथेच बरेच जण चुकतात. नाकारलेली रक्कम रुग्णाकडून मात्र कदापि मागू नका.