शरदात सदाहरित झाडं तपकिरी पडतायत, काढून टाकू का?

तुमच्या प्रश्नावरून मला कळलं ते असं: वसंतात लावलेली थुजाची रोपं आणि शेजारचा पंचवीसेक वर्षांचा व्हाइट पाईन, दोन्ही या शरदात एकदमच तपकिरी पडायला लागले. म्हणून एकाचा रोग दुसऱ्याला लागला असावा असं तुम्हाला वाटतंय, आणि दोन्ही काढून टाकायचा विचार चाललाय. कृपा करून इतक्यात काही तोडू नका. माझ्या मते एकाला काहीही झालेलं नाही, आणि दुसरं बहुतेक तहानलेलं आहे.

आधी पाईन. झाड बारा महिने हिरवं दिसतं म्हणून आपण त्याला सदाहरित म्हणतो, पण त्याच्या प्रत्येक सुईचं, म्हणजे सुईसारख्या पानाचं, आयुष्य ठरलेलं असतं. व्हाइट पाईनची सुई साधारण २ ते ३ वर्षं टिकते, स्प्रूस या दुसऱ्या सूचीपर्णी झाडाची ५ ते ७ वर्षं, आणि ब्रिसलकोन पाईनची तर ४० वर्षंसुद्धा. आयुष्य भरलं की सुई पिवळी पडते, तपकिरी होते आणि गळते. स्प्रूसवर बऱ्याच वर्षांच्या सुया एकत्र असतात, त्यामुळे दरवर्षी थोड्या गळाल्या तरी कोणाच्या लक्षात येत नाही. व्हाइट पाईनवर मात्र जेमतेम दोन-तीन वर्षांचा माल असतो. त्यातली जुनी खेप शरदात काही आठवड्यांत पिवळी पडली की निम्मं झाड वाळल्यासारखं दिसतं, आणि उन्हाळा कोरडा गेला असेल तर जास्तच.

किती सुया तपकिरी झाल्या हे मोजण्यापेक्षा त्या कुठे आहेत ते बघा. झाडाखाली उभं राहून फांदी खोडापासून टोकापर्यंत नजरेखालून घाला. आतला, खोडाजवळचा भाग तपकिरी, यंदाची वाढ टोकापर्यंत हिरवीगार, आणि चारही बाजूंना तेच चित्र असेल तर ही नेहमीची पानगळ आहे. खाली पडलेल्या सुया तशाच राहू द्या, त्यांच्याइतकं चांगलं आच्छादन शोधून मिळणार नाही. याउलट टोकं जळत असतील, एकच फांदी किंवा एकच बाजू गेली असेल, किंवा वसंतात नवे कोंब खुरटून तपकिरी होत असतील, तर मात्र चिंतेचं कारण आहे. सुयांवर बारीक फिकट ठिपके दिसले तर फांदीखाली पांढरा कागद धरून ती झटका. कागदावर पडलेले ठिपके चालायला लागले तर ती कोळी कीड (माइट) आहे.

आता थुजा, म्हणजे आपल्या मोरपंखीच्या नात्यातलं झाड. त्याचीही आतली जुनी पालवी शरदात झडते, तीही सुटी पानं नव्हे तर छोट्या डहाळीसकट. पण तुम्ही लिहिलंय की बाहेरची टोकंही वाळलीत. पहिल्याच वर्षातल्या झाडावर हे दिसलं की माझं लक्ष सरळ मुळांकडे जातं. शेतातून खणून काढलेल्या झाडाची बहुतेक मुळं मागेच राहिलेली असतात. कुंडीतल्या झाडाची मुळं शाबूत असली तरी ती सगळी त्या एका हुंडीत, म्हणजे मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यात, कोंबलेली असतात, आणि बाहेरच्या मातीत शिरायला त्यांना वेळ लागतो.

हे मी दोन झाडं गमावून शिकलो. मी पाच थुजा लावले होते आणि रोज संध्याकाळी नळीने पाणी मारत होतो. दोन वाळले तेव्हा खणून पाहिलं, तर भोवतीची माती ओली आणि हुंडी आतून कोरडी ठणठणीत. पाणी सगळं बाजूला जात होतं. त्या दोन झाडांचं मला आजही वाईट वाटतं, कारण उरलेली तीन त्याच महिन्यात आळं करून, खोडाच्या बुडाशी हळूहळू पाणी मुरवायला लागल्यावर सावरली.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. सूचीपर्णी झाड आपलं दुखणं उशिरा दाखवतं. तोडून घरात आणलेलं नाताळचं झाड आठवडेच्या आठवडे हिरवं राहतं, ते काही जिवंत असतं म्हणून नाही. तुम्हाला आज दिसणारा तपकिरी रंग बहुधा उन्हाळ्यातल्या तहानेचा आहे. म्हणूनच दोन्ही झाडं एकाच वेळी तपकिरी झाली यावरून दोघांचं कारण एक ठरत नाही.

हुंडीत एक सुकी लाकडी काडी खोल खुपसा आणि थोड्या वेळाने बाहेर काढा. कोरडी निघाली तर पाणी द्या. चिखलाने माखून निघाली तर पाणी थांबवा, कारण चिकण मातीत मुळं कुजली तरी पानं अशीच तपकिरी होतात. खोड जमिनीत शिरताना जिथे रुंदावतं तो भाग मातीखाली गाडला गेलाय का, खोडाला दोरी किंवा गोणपाट आवळलेला राहिलाय का, हेही बघा. आच्छादन ५ ते ८ सेंटिमीटर पुरे, खोडाला न टेकता. खत आत्ता अजिबात नको.

तुमच्याकडे जमीन गोठत असेल तर ती गोठेपर्यंत पाणी चालू ठेवा. गोठलेल्या जमिनीतून मुळांना पाणी ओढता येत नाही, पण ऊन आणि वारा पानांतलं पाणी खेचतच राहतात. त्याचे डाग हिवाळा सरता सरता उन्हाच्या आणि वाऱ्याच्या बाजूला दिसतात. त्या बाजूला गोणपाटाचा आडोसा केलात तर पहिला हिवाळा सोपा जाईल. थंडीत सगळं झाड एकसारखं तांबूस झालं तर मात्र घाबरू नका. थुजा, जुनिपर आणि क्रिप्टोमेरिया थंडीत असा रंग घेतात आणि वसंतात पुन्हा हिरवे होतात.

मेलेल्या दिसणाऱ्या फांद्याही वसंतापर्यंत कापू नका. नखाने साल किंचित खरवडा, आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत आहे. पानं गेली तरी डोळे, म्हणजे जिथून नवे कोंब फुटतात त्या कळ्या, पुष्कळदा वाचलेले असतात. यू नावाच्या झाडासारखे अपवाद सोडले तर बहुतेक सूचीपर्णी झाडांना जुन्या, उघड्या लाकडातून पुन्हा पालवी फुटत नाही, त्यामुळे घाईने आत कापलेली फांदी कायमची बोडकी राहते. नवी वाढ सुरू झाली की जिथे काहीच फुटलं नाही तेवढंच कापा.