कागदाची मागची बाजू

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

परवा लातूरच्या स्टँडवर तुझे वडील भेटले. एसटीला उशीर होता, म्हणून चहा झाला. "पोरीनं बी.ए.ला इतिहास घेतलाय सर, आता तुम्हीच सांगा, काय करायचं हिचं," म्हणाले. आवाजात राग नव्हता, काळजी होती. मी जे सांगितलं त्यातलं अर्धंच त्यांना पटलं. पटलं ते असं : २०२३ साली मराठा आरक्षणासाठी जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची शोधाशोध करावी लागली. जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, होते, पण ते उघडून वाचणारं माणूस सहजी मिळत नव्हतं. हे ऐकल्यावर तुझे वडील जरा सरसावून बसले. नोकरीचं बोलणं मी इथंच आटोपतो. एमपीएससी द्यायची तर खुशाल दे, फक्त पहिल्या वर्षापासून प्रश्नसंच उशाशी घेऊन झोपू नकोस.

न पटलेलं अर्धं आता तुला सांगतो.

मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमच्या गावच्या देशमुखांच्या वाड्यात एक उर्दू कागद मिळाला. शेतसारा माफ केल्याचा. अक्षरं जेमतेम लागत होती, पण आकडा लागला : सन १३१७. हिजरी सनाचं कोष्टक काढलं तर १८९९-१९०० आलं. म्हणजे थेट मोठ्या दुष्काळाचं साल! मला तर घबाडच सापडलं. दुष्काळात निजाम सरकारनं आमच्या गावाला कसा दिलासा दिला, यावर वीस पानी निबंध खरडला आणि कॉलेजात वाचूनही दाखवला. टाळ्या पडल्या, तेच वाईट झालं.

मग तालुक्याला एक निवृत्त पेशकार, म्हणजे जुन्या कचेरीतले कारकून, होते, त्यांना कागद दाखवायला नेला. शाबासकी घ्यायलाच गेलो होतो म्हण ना. त्यांनी चष्मा चढवला, कागद उन्हात धरला आणि विचारलं, "बेटा, महीना पढ़ा?" महिना होता बहमन. हिजरीत मोहरम असतो, सफर असतो, रमजान असतो. बहमन, खुर्दाद, अमरदाद हे निजामाच्या फसली, म्हणजे महसुली, सनाचे महिने. फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो, वर्ष ऑक्टोबरात बदलत असल्यानं कधी ५९१ मिळवावे लागतात. म्हणजे माझा कागद १९०७-०८ चा निघाला, दुष्काळ सरून आठ वर्षं झाल्यानंतरचा. एवढ्यावर थांबतील तर ते पेशकार कसले? त्यांनी कागद उलटा केला. मागं शिक्का आणि बारीक अक्षरात दोन ओळी होत्या. माफी गावाला नव्हतीच, देशमुखांच्या एका इनामी तुकड्यापुरती होती. मी कागद महिनाभर जवळ बाळगला होता आणि एकदाही उलटून पाहिला नव्हता.

चूक नुसत्या सनाची नव्हती गं. मला दुष्काळ हवा होता, म्हणून मला दुष्काळ दिसला. तुझ्या बाबतीतही हेच होणार आहे, कारण आपल्याकडं प्रत्येकाला इतिहासातून काहीतरी हवं असतं. कुणाला पराक्रम हवा असतो, कुणाला जुनं वैर, कुणाला दाखला. मागणाऱ्यांत आपलीच माणसं असतील तेव्हा जास्त सांभाळ.

तू ज्या शहरात शिकायला गेलीस तेच बघ. १६१० साली निजामशाहीचा वजीर मलिक अंबर यानं खडकीला राजधानी वसवली. पुढं तिचं फतेहनगर झालं, मग औरंगाबाद, आणि आता छत्रपती संभाजीनगर. नावावरून लोक हमरीतुमरीवर येतात. तू मात्र कागद हातात आला की त्यावर यातलं कुठलं नाव आहे ते आधी बघ. कागदाचा काळ कधीकधी तिथंच उमगतो. या अंबरानं बांधलेल्या नहरीचं, म्हणजे भूमिगत कालव्याचं, पाणी त्या शहरानं तीनशेहून जास्त वर्षं वापरलं. जमलं तर एखाद्या रविवारी तिचे बंब, म्हणजे वाटेवरचे बांधीव मनोरे, शोधत पायी हिंड, गाडीवर नको.

मोडी शिकच. पहिला महिना नुसता गुंता वाटेल, मग एके दिवशी अचानक 'मौजे' हा शब्द सुटा दिसेल. उर्दूही शीक. सेतुमाधवराव पगडी आपल्या निलंग्याचे, जन्म १९१० चा. हैदराबाद संस्थानात सनदी अधिकारी होते. फारसी, उर्दू, तेलुगू तर त्यांना येतच होती, गोंडीही ते शिकले. एवढ्या भाषा येणाऱ्या माणसाला कुणा एकाच्या सांगण्यावर विसंबून राहावं लागत नाही.

आता तुझ्या आजीबद्दल. १३ सप्टेंबर १९४८ ला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या, १७ तारखेला निजाम शरण आला. यालाच पोलीस ॲक्शन म्हणतात. तेव्हा दहा वर्षांची असलेली लेकरं आज नव्वदीला टेकलीत. दिवाळीच्या सुट्टीत मोबाइलवर आजीचं बोलणं रेकॉर्ड कर. पण "रझाकार, ती निजामाच्या बाजूची हत्यारबंद माणसं, कसे होते?" असं विचारू नकोस. त्याचं उत्तर दरवर्षी झेंड्याच्या भाषणात ऐकून तिचंही पाठ झालंय. त्या पावसाळ्यात रात्री निजायला कुठं जात होता, पेवातली ज्वारी कुणी काढली, दागिने कुठं पुरले होते, हे विचार. मध्येच गप्प बसली तर बसू दे. लगेच पुढचा प्रश्न टाकू नकोस.

नंतर मशिदीमागच्या गल्लीतही जा आणि तिथल्या म्हाताऱ्यांना हेच प्रश्न विचार. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान कुटुंबांवर जे ओढवलं त्याची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं केली होती, पण तो अहवाल कित्येक वर्षं बाहेर आला नाही. दोन गल्ल्यांच्या हकिगती जुळणार नाहीत. ओढूनताणून जुळवू नकोस, दोन्ही जशाच्या तशा लिहून ठेव. गावात कुणी नाक मुरडलं तर माझं नाव सांग. मला आता कोण काय करणार!

तुमच्या माळवदावरच्या पत्र्याच्या पेटीत जुने कागद आहेत, असं तुझे वडील बोलता बोलता म्हणाले. बहुतेक पटवारकीचे असावेत. उन्हात पसरू नकोस, घड्या हळू उलगड आणि फोटो काढून मला पाठव. मागच्या बाजूचेही.

तुझा,
सर