कंपनीचे निवडपत्र हातात नसताना ए-३२० चे टाइप रेटिंग स्वखर्चाने करून ठेवावे का?

आपण विचारले आहे की, बारामतीत दोनशे तास पूर्ण करून सीपीएल (व्यावसायिक वैमानिक परवाना) मिळाले, मल्टी-इंजिन आणि इन्स्ट्रुमेंट (केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याचे) रेटिंगही झाले, दोन कंपन्यांच्या लेखी परीक्षेपर्यंत पोहोचूनही निवड झाली नाही. अशा वेळी राहत्या घरावर आणखी पंधरा लाखांचे कर्ज काढून एअरबस ए-३२० चे टाइप रेटिंग (त्या प्रकारचे विमान चालवण्याची परवान्यावरची नोंद) आधीच करून ठेवावे का. मी ए-३२० वर कॅप्टन आहे आणि हेच रेटिंग करणाऱ्या मुलामुलींना सिम्युलेटरमध्ये शिकवतो. माझे मत स्पष्ट आहे: एखाद्या विमान कंपनीने आपली निवड केल्याचे लेखी पत्र हातात नसेल, तर आज हे पैसे भरू नयेत.

या पैशांत काय मिळते, ते आधी नीट पाहावे. अभ्यासक्रम साधारण दीड-दोन महिन्यांचा असतो. सुरुवातीला ग्राउंड स्कूलमध्ये हिरवी, निळी आणि पिवळी अशा तीन हायड्रॉलिक प्रणाली, वीजपुरवठा, फ्लाय-बाय-वायरचे (संगणकामार्फत चालणाऱ्या नियंत्रणाचे) नॉर्मल, अल्टरनेट आणि डायरेक्ट लॉ हे सारे डोक्यात बसवावे लागते. नंतर फुल फ्लाइट सिम्युलेटरची चार-चार तासांची सत्रे सुरू होतात. त्यांत निम्मा वेळ आपण विमान चालवायचे आणि निम्मा वेळ जोडीदाराने. सिम्युलेटर रात्रंदिवस चालतो, त्यामुळे मध्यरात्रीनंतरचा स्लॉट नव्या मुलांच्या वाट्याला येतोच. गुरुग्राम किंवा ग्रेटर नोएडातल्या भाड्याच्या खोलीत भिंतीला कॉकपिटचे छापील पोस्टर चिकटवलेले असते, समोर दोन खुर्च्या शेजारीशेजारी मांडलेल्या असतात आणि दोघे जण कागदावरच्या बटनांवर बोट ठेवून कॉलआउट मोठ्याने म्हणत असतात. व्ही-वन, म्हणजे ज्यानंतर उड्डाण थांबवायचे नसते तो वेग, गाठल्यावर एक इंजिन गेले, तर आधी रडरने विमान सरळ ठेवायचे, ठरलेला पिच (नाकाचा कोन) धरायचा, गिअर (चाके) वर घ्यायचा आणि चारशे फुटांपर्यंत इकॅमच्या (बिघाड व त्यावरचे उपाय दाखवणाऱ्या पडद्याच्या) कृतींना हात घालायचा नाही, हा क्रम अंगवळणी पडेपर्यंत हे चालते. या मेहनतीबद्दल मला मनापासून आदर आहे.

मात्र शेवटी परीक्षकापुढे चाचणी देऊन परवान्यावर जी नोंद होते, तिच्या बळावर कोणी लगेच प्रवाशांचे विमान चालवू लागत नाही. खरे शिक्षण लाइन ट्रेनिंगमध्ये होते. प्रशिक्षक कॅप्टन शेजारी, मागे प्रवासी, जुलै महिन्यातली मुंबई, धावपट्टीवर आडवा वारा, गर्दीने भरलेली रेडिओ फ्रिक्वेन्सी आणि पुढचे सेक्टर वेळेवर निघाले पाहिजे याचा ताण, हे सारे रोजच्या उड्डाणांतच अनुभवता येते. त्यातून रिलीज झाल्यावरच, म्हणजे प्रशिक्षकाविना उडण्यास पात्र ठरल्यावरच, आपण खऱ्या अर्थाने फर्स्ट ऑफिसर (सहवैमानिक) होता. ही सोय कोणत्याही प्रशिक्षण केंद्राच्या फीमध्ये नसते. ती विमान कंपनीकडेच असते. परदेशात पैसे घेऊन पाचशे तास ‘लाइन’ उडवू देण्याच्या योजना विकणारे दलाल भेटतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

दुसरी अडचण अशी की, हे कौशल्य वापराविना टिकत नाही. नियमित उडणाऱ्या वैमानिकालाही दर सहा महिन्यांनी सिम्युलेटरमध्ये प्रोफिशियन्सी चेक (कौशल्याची चाचणी) द्यावा लागतो. रेटिंग करून आठ-दहा महिने घरी बसलेला उमेदवार निवड चाचणीला येतो, तेव्हा त्याचे हात अडखळतात. मग रिफ्रेशर सत्रे पुन्हा स्वतःच्या खिशातून घ्यावी लागतात.

आणि स्पर्धा कोणाशी, याचाही विचार व्हावा. एप्रिल २०१९ मध्ये जेट एअरवेज बंद पडली, मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे थांबली. दोन्ही वेळी रेटिंग असलेले, शिवाय हजारो तास उडवलेले वैमानिक एकदम बाजारात आले. ‘टाइप रेटेड’ असे जाहिरातीत लिहिलेले असते तेव्हा बहुधा त्याच ओळीत त्या विमानावरच्या तासांचीही अट असते. आपली सिम्युलेटरची सत्रे त्या तासांत धरली जात नाहीत.

यावर सांगितले जाते की, एअर इंडियाने २०२३ मध्ये ४७० विमाने मागवली, इंडिगोने त्याच वर्षी ५०० मागवली, म्हणजे वैमानिक लागणारच. लागतील, हे खरेच आहे. पण ही विमाने वर्षानुवर्षे थोडी-थोडी करून येतात आणि तुटवडा मुख्यतः कॅप्टन व प्रशिक्षकांचा आहे. एटीपीएलसाठी (कॅप्टन होण्यासाठी लागणाऱ्या परवान्यासाठी) किमान १५०० तास लागतात. दोनशे तासांच्या उमेदवाराने ती जागा भरून निघत नाही. साप्ताहिक विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर नेणारे नवे ड्यूटी नियम लागू झाल्यावर डिसेंबर २०२५ मध्ये इंडिगोची उड्डाणे मोठ्या प्रमाणावर रद्द झाली, त्यावरूनही नव्या वैमानिकांना लगेच नोकऱ्या मिळतील, असा निष्कर्ष अनेकांनी घाईने काढला.

आता कर्जाचे गणित. पंधरा लाख, ११ टक्के व्याज, सात वर्षांची मुदत धरली तर महिन्याचा हप्ता सुमारे २५,७०० रुपये येतो, आणि सीपीएलचे कर्ज फिटायचे असेल तर त्याचा हप्ता वेगळा. पगार सुरू होण्याआधी एक वर्ष गेले तर हे हप्ते कोण भरणार, याचे उत्तर वडिलांसोबत कागद-पेन घेऊन काढावे. राहते घर तारण ठेवण्याचा मी ठाम विरोध करतो, कारण विमान कंपन्यांची भरती दोन-दोन वर्षे थंडावलेली या व्यवसायात अनेकांनी पाहिली आहे.

आधी रेटिंग केल्यास विमानही आपणच निवडून बसता. अकासाकडे बोइंग ७३७ आहेत. तिथे भरती निघाली तर ए-३२० ची नोंद असूनही त्या विमानाचे शिक्षण पहिल्यापासून घ्यावे लागेल. इंडिगोच्या काही मार्गांवर आणि गोव्यातल्या फ्लाय९१ मध्ये एटीआर (पंख्यांची छोटी प्रवासी विमाने) आहेत, त्यांचे रेटिंग आणखी निराळे. निवड आधी झाली तर कोणते रेटिंग करायचे, हे कंपनीच सांगते.

मधल्या काळात क्लास-वन मेडिकल (वैमानिकासाठीची वैद्यकीय पात्रता) आणि इन्स्ट्रुमेंट रेटिंग चालू ठेवावे, एटीपीएलच्या लेखी परीक्षा उरकाव्यात आणि जमल्यास असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंग करून एखाद्या फ्लाइंग स्कूलमध्ये शिकवावे. त्यात तास वाढतात, थोडे मानधन मिळते आणि दुसऱ्याची चूक वेळेत ओळखायची सवय लागते, जिचा मल्टी-क्रू कॉकपिटमध्ये फार उपयोग होतो. ज्या लेखी परीक्षांत निवड हुकली, त्यांचे नेमके कोणते विषय कच्चे राहिले, तेही तपासावे.

पुढे निवडपत्र आले, तर मात्र पैसे उभे करायला मी निःसंकोच हो म्हणेन. तेव्हा पत्रात रुजू होण्याची तारीख किंवा कालमर्यादा आहे का, कंपनीकडून उशीर झाल्यास रिफ्रेशरचा खर्च कोणाचा आणि बाँड (नोकरी न सोडण्याचा करार) किती वर्षांचा, हे वाचावे. प्रशिक्षण केंद्राकडूनही परीक्षकाची फी, कर आणि एखादे सत्र पुन्हा घ्यावे लागल्यास त्याचा दर आकड्यांसह लेखी घ्यावा आणि त्यानंतरच पहिला हप्ता भरावा.