रॅम बदलू नका, आधी टीएमपी कसं माउंट झालंय ते बघा

ताई, रॅमची ऑर्डर दिली असेल तर थांबवा. शुक्रवारी वागळे इस्टेटची लाइट गेली, सर्व्हर परत चालू झाला आणि तेव्हापासून जावातलं बिलिंग सुरू होता होताच कोसळतं, असं तुम्ही लिहिलंय. रॅम बिघडली असती तर प्रोग्राम कधी इथे, कधी तिथे पडला असता. तुमचा दर वेळी एकाच ठिकाणी पडतोय, आणि कारण तुम्हीच चिकटवलेल्या लॉगमध्ये आहे: ‘फेल्ड टू मॅप सेगमेंट फ्रॉम शेअर्ड ऑब्जेक्ट: ऑपरेशन नॉट परमिटेड’, म्हणजे लायब्ररी मेमरीत चढवायलाच परवानगी नाही.

एसक्यूलाइटचा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला त्या डेटाबेसशी जोडणारा भाग) आपली नेटिव्ह लायब्ररी, म्हणजे थेट मशीनवर चालणारा कोड, आधी टीएमपीत (लिनक्सच्या तात्पुरत्या फाइलींच्या डिरेक्टरीत) काढून ठेवतो, मग तिथून लोड करतो. टीएमपी ‘नोएक्झेक’ने माउंट असेल, म्हणजे ‘इथलं काही चालवू नका’ या ऑप्शनसह सिस्टीमला जोडलेलं असेल, तर कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथलं काहीच एक्झिक्यूटेबल म्हणून मॅप करू देत नाही. रूटलासुद्धा, म्हणजे मुख्य अ‍ॅडमिनलाही, नाही. म्हणून ७७७, म्हणजे सगळ्यांना सगळी, परमिशन देऊन काही उपयोग झाला नाही.

मग शुक्रवारपर्यंत कसं चालत होतं? ऑडिटवाल्यांनी गेल्या महिन्यात ‘हार्डनिंग’ (सुरक्षेसाठी सेटिंग कडक करणं) केल्याचं तुम्ही जाता जाता लिहिलंय. माझ्या मते खरी गोम तिथेच आहे. त्यांनी एफएसटॅबमध्ये (बूट होताना काय कसं माउंट करायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) नोएक्झेकची ओळ टाकली, रिमाउंट केलं नाही. मशीन बूट झाल्यावर ती लागू झाली. एफएसटॅबची तारीख बघा, मग फाइंडएमएनटी ही माउंट दाखवणारी कमांड चालवून टीएमपीचे ऑप्शन वाचा.

वर एकाने सुचवलेली, टीएमपीत शेल स्क्रिप्ट (कमांडची फाइल) चालवून बघायची चाचणी फसवी आहे. ‘बॅश’ला, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामला, फाइल दिली की ती नोएक्झेकवरही चालते, कारण बॅश स्वतः दुसरीकडे बसलेला असतो आणि फाइल नुसती वाचतो. त्यापेक्षा एलएस या कमांडची बायनरी (प्रोग्रामची फाइल) टीएमपीत कॉपी करून चालवा. ‘परमिशन डिनाइड’ आलं की समजा सापडलं.

नोएक्झेक मात्र काढू नका. टीएमपीत कुणीही लिहू शकतं, त्यामुळे ऑडिटवाल्यांचं म्हणणं चुकीचं नाही. बिलिंगसाठी ऑप्टखाली वेगळी डिरेक्टरी करा, तिची मालकी बिलिंगच्याच युजरला द्या, इतरांना बंद ठेवा आणि जावाच्या स्टार्ट कमांडमध्ये ‘जावा डॉट आयओ डॉट टीएमपीडिर’ हे तात्पुरत्या डिरेक्टरीचं सेटिंग तिकडे वळवा. ऑप्टचं वेगळं पार्टिशन असेल तर तेही नोएक्झेक नाही ना, एवढं बघून घ्या. बिलिंग चालू करणारी सर्व्हिस फाइल बदललीत तर डेमन-रीलोड करून (सिस्टीमला ती फाइल पुन्हा वाचायला लावून) मगच रीस्टार्ट.

तरीही पडलं तर फाइंडएमएनटीचं आउटपुट इथे टाका. घरी पोचल्यावर बघतो. ट्रान्सहार्बरच्या गर्दीत मोबाइलवर लॉग वाचणं माझ्याच्याने होत नाही.