वेढा, वेढणे आणि दीडशे शिपाई

साताऱ्याच्या एका स्नेह्यांनी ‘झुलू’ या १९६४ च्या, दक्षिण आफ्रिकेतल्या झुलू लोकांशी झालेल्या लढाईवरच्या युद्धपटाविषयी लिहिताना ‘मूठभर इंग्रज शिपायांच्या ठाण्याला झुलूंचा वेढा पडला’ असे वाक्य लिहिले. घरच्यांनी ‘वेढा’ या शब्दाला हरकत घेतली, म्हणून बरोबर काय असे त्यांनी विचारले आहे.

माझ्या मते हरकत रास्त आहे; मात्र ती नामापुरती, क्रियापदाला लागू नाही. ‘वेढणे’ हे संस्कृत ‘वेष्ट्’ धातूकडून आलेले असून त्यात गुंडाळण्याचा भाव आहे. बोटातली वेढणी त्याच घरातली. झुलूंची व्यूहरचना बैलाच्या शिंगांसारखी असे, म्हणजे मधली फळी समोरून भिडे आणि दोन्ही शिंगे बाजूंनी पुढे सरकून शत्रूला कवेत घेत. ‘झुलूंनी ठाण्याला वेढले’ हे वाक्य म्हणूनच चोख बसते.

‘वेढा’ मात्र युद्धातला पारिभाषिक शब्द झाला आहे आणि त्याला काळ लागतो. तो घालतात, आवळतात, तो ढिला पडतो, शेवटी उठतो किंवा उठवावा लागतो. त्याचा अर्थ साताऱ्याला वेगळा सांगायला नको: डिसेंबर १६९९ पासून एप्रिल १७०० पर्यंत औरंगजेब अजिंक्यताऱ्याखाली तळ देऊन बसला होता आणि प्रयागजी प्रभूंनी किल्ला लढवला. तिथे सुरुंग होते, तोफा होत्या, पण खरा प्रश्न गडावरचे धान्य किती दिवस पुरणार हा होता. चित्रपटातली लढाई, म्हणजे रोर्क्स ड्रिफ्ट या ठाण्याची लढाई, मात्र २२ जानेवारी १८७९ च्या दुपारी सुरू होऊन दुसऱ्या पहाटेपर्यंत ओसरली. सुमारे १५० जणांनी तीन-चार हजारांना थोपवले, तेही मक्याची पोती आणि बिस्किटांची खोकी रचून. जिथे धान्याचीच तटबंदी केली, तिथे रसद तोडण्याचा प्रश्न कुठला?

(त्या पोत्यांच्या आडोशाला जुन्या मराठीत ‘मोर्चा’च म्हटले असते. आज तो शब्द रस्त्यावरून घोषणा देत निघाला आहे. मूळ अर्थ ‘मोर्चेबांधणी’त तेवढा उरला.)

‘घेरा’ चालेल, पण गडाच्या पायथ्याच्या मुलखालाही घेरा म्हणतात, उदाहरणार्थ घेरा सिंहगड. ‘घेराव’ तर मुळीच नको. तो कामगार आंदोलनातला.

मी वाक्य असे लिहीन: ‘दीडशे शिपायांचे ठाणे झुलूंनी चहूकडून वेढले आणि रात्रभर त्यावर हल्ले चढवले.’