वाचकांचे प्रश्न : कॉब नावाचा काटकसरी घोडा

प्रश्न : आम्ही बरीच वर्षे वेल्समध्ये राहतो. मुलीच्या हट्टापायी गेल्या शरदात आम्ही पायांवर लांब केसांचे दाट झुलपे असलेली एक अबलख कॉब घोडी घेतली. ती गाईसारखी गरीब असल्याचे विकणाऱ्याने सांगितले होते आणि ते खोटेही नाही. परंतु फिरायला निघाल्यावर ती मध्येच थांबते आणि ढिम्म हलत नाही. शेजारच्या ट्रॅक्टरला ती भीत नाही, पण रस्त्यातल्या डबक्याला भिते. आणि कुंपणाची दोरी तिने आजवर पाच वेळा ओलांडली आहे. घोडी हट्टी आहे की आमचेच काही चुकते आहे?

उत्तर : आपले पत्र मी आमच्या यॉर्कशरच्या तबेल्यात उभ्याउभ्या वाचले आणि ते वाचून होण्याआधीच माझ्या ढोल्या नावाच्या कॉबने त्याचा कोपरा खाल्ला, त्यामुळे आपल्या गावाचे नाव मला कळू शकले नाही. उत्तर मात्र अडत नाही, कारण कॉब कुठेही असला तरी कॉबच असतो.

कॉब ही एखादी जात नसून तो बांधा आहे : आखूड भक्कम पाय, रुंद छाती, गोलसर पाठ आणि शांत स्वभाव. याला मोठा अपवाद वेल्श कॉबचा. त्याची वंशावळ वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी ठेवते, ही संस्था 1901 पासून आहे, आणि तिच्या ‘डी’ विभागातल्या, म्हणजे वेल्श कॉब म्हणून नोंदलेल्या, घोड्याची उंची 137.2 सेंटिमीटरच्या वर असावी लागते. आपली घोडी अबलख आणि पायांवर दाट झुलपे असलेली आहे, त्यावरून ती बहुधा रोमानी आणि भटक्या समाजांनी आपल्या गाड्या ओढण्यासाठी जोपासलेल्या वाणाची असावी. कंब्रियातल्या ॲपल्बीच्या जूनमधल्या जत्रेत असे घोडे ईडन नदीत उतरवून साबणाने धुतात. गंगेत घोडं न्हालं म्हणजे काय, ते मला तिथे पहिल्यांदा डोळ्यांनी दिसले.

आता हट्टाविषयी. ज्या घोड्याने दिवसभर गाडी ओढायची, संध्याकाळी रस्त्याकडेचे गवत खाऊन राहायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा जुंपून घ्यायचे, तो घोडा विनाकारण धावून कसा चालेल? आपल्याकडच्या भीमथडीच्या तट्टांचे कौतुक थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारण्यासाठीच होत असे. कॉब त्याच पंगतीतला, फक्त अंगाने दुप्पट. शक्ती जपून वापरावी आणि खाण्याची संधी दवडू नये, या दोन गोष्टी त्याच्या रक्तात आहेत, आणि आपल्या पत्रातल्या बहुतेक तक्रारींचा उगम तिथेच आहे. कुंपणापलीकडचे गवत दोन बोटे उंच आहे, दोरीतला वीजप्रवाह बंद आहे आणि घरातली माणसे जेवायला बसली आहेत, हा हिशेब ढोल्या माझ्याआधी मांडतो. त्यामुळे दोरीतला प्रवाह रोज तपासावा, एवढाच यावर उपाय आहे.

थांबण्याच्या बाबतीत आधी दुखणे नाही ना, ते पाहावे. कॉबची पाठ पिंपासारखी गोल आणि खांद्यामागचा उंचवटा बेताचा असल्याने खोगीर नीट बसवणे अवघड जाते, आणि जमिनीवरून रिकिबीत पाय घालून चढू पाहणारा स्वार खोगिरासह घोड्याच्या पोटाखाली पोहोचतो, असे मी स्वानुभवाने सांगू शकते. म्हणून ओट्यावरून चढावे आणि खोगीर जाणकाराकडून मापून घ्यावे. ते ठीक असेल, तर सतत टाचा मारणे बंद करावे, कारण अखंड वाजणाऱ्या टाचेकडे कॉब लवकरच दुर्लक्ष करू लागतो. एकदा हलके सांगावे, न ऐकल्यास एकदाच ठामपणे सांगावे, आणि घोडी पुढे निघताच पाय सैल सोडावेत. डबक्याविषयी म्हणाल, तर ढोल्या अकरा वर्षांत एकदाही सरळ डबक्यातून गेलेला नाही. मी तो विषय सोडून दिला आहे.

प्रश्न : आमचा कॉब नुसत्या गवतावर गुबगुबीत झाला आहे. तबेल्यातले लोक हसून म्हणतात की कॉब हवेवरही फुगतो. हे खरोखर चिंतेचे आहे का?

उत्तर : होय, खरे घोडे इथेच पेंड खाते. ढोल्याच्या पाठीच्या मधोमध पन्हळ पडली होती आणि पावसाळी दिवशी तिच्यात पाणी साचत असे. आम्ही त्याचे फोटो काढून नातेवाइकांना पाठवले. पुढे डॉक्टरांनी त्याच्या मानेवरचा कडक झालेला चरबीचा वळ माझ्या हातात दिला आणि फोटो काढणे थांबले. लठ्ठ घोड्याच्या रक्तात इन्शुलिन वाढून लॅमिनायटिस होऊ शकतो, म्हणजे खुराला आतल्या हाडाशी बांधून ठेवणारे पडदे दुखावतात, आणि घोड्याला पाऊल टाकणे असह्य होते. आपण तळहाताने बरगड्या चाचपून पाहाव्यात; फारसे न दाबता त्या लागल्या पाहिजेत. चंदी बंद करावी, वाळके गवत भिजवून ठेवून त्यातली साखर उतरवावी, आणि कुरणात तोंडाला जाळीदार मुसके बांधावे. मात्र एकदम उपाशी ठेवू नये, कारण अंगावरची चरबी अचानक रक्तात उतरून यकृतावर बेतू शकते. आहार किती कमी करायचा, ते डॉक्टरांनाच ठरवू द्यावे. मुसके बांधल्यावर तो आपल्याकडे ज्या नजरेने पाहील, तिची तयारी मात्र ठेवावी. ढोल्याने पहिले मुसके शेजारच्या घोड्याकडून काढवून घेतले होते.

प्रश्न : आमच्या कॉबला चक्क मिशी आहे. ती कापावी का?

उत्तर : कापू नये. वरच्या ओठावरची मिशी अनेक कॉबना, घोड्यांना तशीच घोड्यांच्या माद्यांनाही येते आणि तिचा काही त्रास नसतो. तिच्या आसपासचे लांब राठ केस तर स्पर्शासाठी असतात. आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने 2021 पासून ते कापलेल्या घोड्यांना आपल्या स्पर्धांत मनाई केली आहे. त्यापेक्षा पायांवरच्या झुलप्यांकडे लक्ष द्यावे, कारण त्यांच्याखाली चिखल आणि बारीक किडे दडतात. घोडा रात्री पाय आपटू लागला, की झुलपे बाजूला सारून कातडी पाहावी. मिशीला सकाळी चिकटलेला लापशीचा ओलसर घास तो दुपारपर्यंत पुरवून खातो.