सर्जरी शिकवणाऱ्या सिम्युलेशन सेंटरला अ‍ॅक्रेडिटेशन असल्या-नसल्याने काय फरक पडतो?

रुग्णावर हात चालवण्याआधी नकली साधनांवर सराव करायला सिम्युलेशन सेंटर असतं. समजा तुमच्यासमोर दोन पर्याय आहेत: एका सेंटरमध्ये नवीकोरी व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी यंत्रं आहेत पण मान्यता (अ‍ॅक्रेडिटेशन) नाही, दुसऱ्याकडे मान्यता आहे, पण नुसते बॉक्स ट्रेनर, म्हणजे आत कॅमेरा आणि बाहेरून अवजारं घालायची छिद्रं असलेले साधे सरावाचे डबे. मी ज्युनिअर सर्जनना लॅपरोस्कोपी (छोट्या छिद्रांतून कॅमेऱ्याच्या मदतीने करायचं ऑपरेशन) शिकवतो आणि मी बेलाशक दुसरं निवडेन.

बॉक्स ट्रेनरला कमी लेखू नका. अमेरिकन बोर्ड ऑफ सर्जरीला जनरल सर्जरीच्या प्रमाणपत्रासाठी एफएलएस ही लॅपरोस्कोपीच्या मूलभूत कौशल्यांची परीक्षा लागते. तिच्या प्रात्यक्षिकातली पाचही कामं बॉक्सवरच होतात: पेग उचलून हलवणं, गॉझ रेषेवर कापणं, लूपने बांधणं, दोन प्रकारच्या गाठी.

मान्यता देणारी मंडळी जागा आणि साधनं तपासतातच, पण त्यांचा रोख शिकवण्यावर असतो. अभ्यासक्रम लेखी आहे का? शिकवणाऱ्यांना शिकवायचं प्रशिक्षण आणि त्यासाठी वेळ मिळतो का? मूल्यमापन कशावरून करता? अमेरिकन कॉलेज ऑफ सर्जन्सने 2005 मध्ये अशी मान्यता सुरू केली. तिच्यात 'कॉम्प्रिहेन्सिव्ह' आणि 'फोकस्ड' असे प्रकार आहेत. फोकस्डची व्याप्ती मर्यादित असते, म्हणून ते सेंटर कच्चं ठरत नाही. सोसायटी फॉर सिम्युलेशन इन हेल्थकेअर मूळ निकषांच्या जोडीला अध्यापन, मूल्यमापन, संशोधन अशा क्षेत्रांसाठी वेगवेगळी मान्यता देते. त्यामुळे मान्यता कशासाठी आहे आणि तिची मुदत संपली तर नाही ना, हे आधी बघा.

मूल्यमापनावर मी एवढा जोर का देतो? 2002 मध्ये येल विद्यापीठातल्या सर्जनांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 16 रेसिडेंट, म्हणजे सर्जरीचं प्रशिक्षण घेणारे डॉक्टर होते. काहींनी नेहमीच्या शिक्षणासोबत व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटीवर सराव केला. पुढे प्रत्यक्ष ऑपरेशनमध्ये त्यांनी पित्ताशय यकृतापासून सोडवण्याचं काम 29 टक्के कमी वेळात केलं आणि त्यांच्या चुकाही कितीतरी कमी झाल्या. हा निकाल सगळे सांगतात. त्यातली मोलाची गोष्ट मात्र सुटून जाते: त्यांचा सराव तासांवर मोजला नव्हता. अनुभवी सर्जनांच्या कामगिरीवरून पातळी ठरवली होती, आणि ती गाठेपर्यंत सराव थांबवायचा नव्हता. कुणाचा हात लवकर बसतो, कुणाचा उशिरा. दोघांनाही सारखेच तास देऊन सोडलं, तर त्याची किंमत पुढे रुग्ण मोजतो. हे मला फार लागतं, म्हणून शिकणाऱ्यांना मी पुन्हा पुन्हा सांगतो.

अर्थात मान्यता संस्थेला असते, तुमच्या हाताला नाही. चांगल्या सेंटरमध्येही शिक्षक शेजारी उभा राहून चूक तिथल्या तिथे दाखवत नसेल, तर चुकीचीच सवय पक्की होते.

प्रवेश घेण्याआधी त्यांना मूल्यमापनाचा तक्ता दाखवायला सांगा. आणि विचारा, ठरलेली पातळी न गाठणाऱ्याचं तुम्ही काय करता? 'त्याला परत बसवतो, शिक्षक देतो, पुन्हा तपासतो' असं उत्तर आलं तर जरूर जा. शेवटच्या दिवशी सगळ्यांनाच सर्टिफिकेट मिळत असेल, तर यंत्रं कितीही भारी असोत, पैसे भरू नका.